हवाली केलेली लेकरे

आमच्या चर्चच्या मागील बाजूस, माडांच्या रांगेपलीकडे तांबड्या मातीचे एक मैदान आहे. एका अंगाला जांभ्या चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला पुळण आणि त्यापुढे मालवणचा समुद्र. पावसाळ्यात तेथे चिखल तुडवीत फुटबॉल चालतो. पाऊस सरला आणि जमीन धरली की कबड्डीची आखणी होते. सायंकाळी देवदूत-प्रार्थनेची घंटा वाजते तेव्हा ख्रिस्ती पोरे क्षणभर थांबून क्रूसाची खूण करतात. त्यांच्याबरोबर खेळणारी हिंदू आणि मुसलमान पोरेही सवयीने थांबतात. आणि घंटेचा नाद विरतो न विरतो तोच चढाई पुन्हा सुरू होते. या धर्मग्रामात बदलून आल्यावर पहिल्याच सायंकाळी आम्ही हे दृश्य व्हरांड्यातून पाहिले आणि आमचे मन प्रसन्न झाले. प्रवचनातून जे आम्हांला वर्षानुवर्षे साधत नव्हते, ते या पोरांना खेळता खेळता साधले आहे, असे आम्हांला वाटले.

मंडळाचे अध्यक्षपद धर्मग्रामाच्या प्रमुखाकडे असावे, अशी तेथील जुनी रीत. त्यामुळे ते मान न मागता आमच्या गळ्यात पडले. अध्यक्षाचे काम ते काय? स्पर्धेच्या दिवशी श्रीफळ वाढवावे, मैदानाला नमस्कार करावा, पहिल्या रांगेतील खुर्चीत हार घालून बसावे आणि रात्री उशिरा जांभया आवरीत बक्षिसे वाटावीत. हे सारे आम्ही निष्ठेने करीत होतो. मुले कशी खेळतात ते पाहत होतो. मुले कशी राहतात, काय सोसतात, हे मात्र पाहत नव्हतो. हा भेद आमच्या ध्यानात आला तो एका मे महिन्याच्या रात्री. या गोष्टीला आता आठ वर्षे होतील.

त्या रात्री प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धा होती. आमच्या संघात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. अंगाने काटक, पायात वारा भरलेला, बोनस रेषा ओलांडून परत फिरताना हातातून मासळी निसटावी तसा निसटायचा. पंचावन्न किलोच्या वजनी गटात तो आमचा हुकमी गडी. तिसऱ्या चढाईला तो गेला, मध्यरेषेकडे परतला आणि रेषेला हात लावण्यापूर्वीच खाली बसला. लोकांना वाटले, दम संपला. मग तो आडवा झाला. हाक मारली तर ओ देईना. ओठ कोरडे पडलेले आणि पायांत गोळे आलेले. कोणी म्हणाले, कांदा हुंगवा. कोणी तोंडावर सोड्याची बाटली रिकामी केली. प्रथमोपचाराची पेटी आणा म्हणून ओरड झाली, तेव्हा पेटी धर्मगुरूनिवासातील कपाटात होती आणि कपाटाची किल्ली आमच्या झग्याच्या खिशात होती. हार घातलेल्या अवस्थेत आम्ही किल्ली शोधीत धावलो. पेटी उघडली तर आत एक आयोडिनची सुकलेली बाटली आणि कापसाचा एक बोळा. शेवटी रिक्षातून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. सलाईन लावले. पहाटे तीनच्या सुमारास त्याने डोळे उघडून विचारले, "आपण जिकलंव?"

हकीकत नंतर कळली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काट्यावर तो दीड किलो अधिक भरला होता. प्रशिक्षकाने त्याचे रात्रीचे जेवण बंद केले, पाणी बंद केले आणि सकाळी अंगात प्लास्टिकचा रेनकोट घालून त्याला पुळणीवरून पळविले. वजन भरले. वजन दिल्यावर त्याने दोन वडे आणि गार सरबत घशाखाली ढकलले आणि तो मैदानात उतरला. हे करणारा प्रशिक्षक दुष्ट मनुष्य नव्हता. दिवसभर होडीवर राबून सायंकाळी एक पैसा न घेता तो मुलांना शिकवीत असे. स्वतःच्या खिशातून केळी आणीत असे. त्याच्या लहानपणी त्याच्याशी जे झाले, तेच तो पुढे चालवीत होता.

सकाळी मुलाची आई आली. मासळीची टोपली डोक्यावरून उतरवून ती रुग्णालयाच्या पायरीवर बसली. ती भांडली असती तर आम्हांला बरे वाटले असते. ती भांडली नाही. म्हणाली, "फादर, झिलाक तुमच्या हवाली केलेलंय, म्हणान मी निर्धास्त होतंय. माका येकच सांगा, झिल कालपासून उपाशी आसा, ह्यां कोणाक ठावक होतां?"

आम्हांला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसणे हाच आमचा अपराध होता.

पुढे काही दिवस आम्ही वाचीत बसलो. जे वाचले त्याने झोप उडाली. १९९७ साली नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत अमेरिकेत महाविद्यालयांतील तीन कुस्तीगीर वजन उतरविण्याच्या खटपटीत मृत्यू पावले. तेही असेच अन्नपाणी तोडून, घाम गाळणारे कपडे अंगात घालून, उष्णतेत व्यायाम करीत होते. त्या मृत्यूंनंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी घातली आणि वजनाचे नियम बदलले. घामावाटे शरीरातील पाणी आणि क्षार गेले की रक्त घट्ट होते, हृदयाला अधिक राबावे लागते, अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती उरत नाही. दमट हवेत हे आणखी लवकर घडते, कारण घाम सुकतच नाही. आमच्या किनाऱ्यावरील मे महिना म्हणजे दमटपणाची परिसीमा. त्यात अंगावर प्लास्टिकचा रेनकोट! आमच्या पुळणीवर त्या सकाळी काय घडू शकले असते, याचा विचार मनात आला की आजही हात जोडले जातात.

त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट हिला अंतिम लढतीच्या सकाळी पन्नास किलोच्या गटात अवघे शंभर ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळे बाद ठरविले. रात्रभर तिने अन्नपाणी टाकून व्यायाम केला, केसही कापले. सारा देश पदकासाठी हळहळला, आम्हीही हळहळलो. परंतु दूरदर्शनसमोर बसलेल्या आमच्या मुलांतील एकाने विचारले, "फादर, ती रातभर तहानलेली होती?" पदकाच्या आधी तहानेचा विचार करणारा तो मुलगा आम्हांला आपला गुरू वाटला.

प्रशिक्षकाशी आमचे बोलणे झाले. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आमी मार खावनच शिकलंव, फादर. उपाशी ऱ्हवानच मोठे झालंव." त्याचे हे म्हणणे एकट्याचे नव्हे. छडी लागे छमछम या न्यायावर आपल्याकडील दोन-तीन पिढ्या वाढल्या. आणि मालवणच्या मातीत तर या न्यायाला मोठा दाखला आहे. क्रिकेटचे थोर गुरू रमाकांत आचरेकर यांचा जन्म मालवणचा. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. २०१९ च्या जानेवारीत ते निवर्तले. आपला सामना सोडून मोठ्या मुलांचा सामना पाहावयास वानखेडे मैदानावर गेलेल्या शाळकरी सचिन तेंडुलकरला त्यांनी थप्पड मारली, ही गोष्ट स्वतः तेंडुलकरने अनेकदा कृतज्ञतेने सांगितली आहे. प्रशिक्षकाने ती आमच्यासमोर ठेवली. आम्ही त्याला म्हणालो, गोष्ट खरी आहे. परंतु त्याच गुरूने त्या मुलाला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेले, यष्टीवर नाणे ठेवून त्याची एकाग्रता वाढविली, वर्षानुवर्षे त्याच्या खेळासाठी आपल्या संध्याकाळी वेचल्या. मुलगा घडला तो त्या संध्याकाळींनी. थप्पड फक्त लक्षात राहिली. आणि दुसरे असे की थप्पड खाऊन जो मोठा झाला, त्याची गोष्ट जग ऐकते. थप्पड खाऊन जो घरी गेला आणि पुन्हा मैदानावर फिरकला नाही, त्याची गोष्ट कोण सांगणार?

हे बोलताना आमच्या उजव्या गुडघ्यात कळ आली, ती काही योगायोगाने नव्हे. सेमिनरीत असताना आम्ही फुटबॉल खेळत असू. एका सामन्यात गुडघा पिरगळला. एका वरिष्ठाने मैदानाबाहेरून हाक दिली की, याजक होऊ पाहणाऱ्याने एवढ्याशा दुखण्याला कुरवाळू नये. आम्ही खेळत राहिलो; त्या दिवशी सर्वांनी पाठ थोपटली. आज तिशीहून अधिक वर्षे झाली, वेदीपुढे गुडघा टेकताना तो गुडघा आम्हांला त्या शब्दांची आठवण करून देतो. गंमत अशी की इतकी वर्षे आम्ही ही गोष्ट तरुणांना अभिमानाने सांगत आलो होतो. त्या मासळीवालीच्या प्रश्नानंतर ती सांगण्याचे आमचे धाडस होत नाही.

मग आम्ही ठरविले की मुलांनाच विचारावे. रविवारच्या मिस्सानंतर व्हरांड्यात बसवून, चहा-बिस्किटे देऊन, "मैदानावर तुम्हांला काय आवडत नाही?" एवढाच प्रश्न. पहिल्या रविवारी सर्वांनी एका सुरात सांगितले, "सगळा बरां आसा, फादर." फादरला असेच सांगावयाचे असते, हे शिक्षण त्यांना आम्हीच दिलेले. तेव्हा दुसऱ्या रविवारी आम्ही तेथून उठलो आणि गावातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंना बसविले. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकावयास सांगितल्या.

चिठ्ठ्या वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मोठमोठ्या तक्रारी त्यांत फार नव्हत्या. एकाने लिहिले होते की, माझ्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून मला चढाईच्या वेळी एका विशिष्ट नावाने हाक मारतात, प्रेक्षकही हसतात. एकाला रंगावरून नाव पडले होते, एकाला बापाच्या दारूवरून. एकाने लिहिले होते, तीन वर्षे मी राखीव आहे, फक्त पाणी देतो, मला एकदा खेळवा. फुटबॉल खेळणाऱ्याने लिहिले होते की लोखंडी गोलखांब जमिनीत रोवलेला नाही, त्याला लटकले की तो हलतो. हा शेवटचा इशारा वाचून आम्ही त्याच सायंकाळी खांब हलवून पाहिला. तो खरोखरच पुढे झुकला. असे सुटे गोलखांब अंगावर कोसळून जगात अनेक ठिकाणी मुले दगावली आहेत. मुलींच्या चिठ्ठ्यांत बहुतेक एकच गोष्ट होती: कपडे बदलावयास जागा नाही. ज्या खोलीत आम्ही त्यांना पाठवीत होतो, तिच्या दाराला आतून कडी नव्हती. एक मुलगी दाराला पाठ लावून उभी राहते आणि दुसरी कपडे बदलते, हे वर्षानुवर्षे चालले होते. ती खोली आमच्या निवासापासून वीस पावलांवर होती. कडी बसवावयास सुताराला पाऊण तास लागला.

आता जे लिहावयाचे, ते लिहिताना लेखणी अडखळते. पुढील वर्षी एके सायंकाळी मंडळातील एका मुलीची मावशी व्हरांड्यात आली. बराच वेळ पावसापाण्याचे बोलली. मग म्हणाली, मुलगी आता खेळावयास येणार नाही. आम्ही म्हणालो, दहावीचे वर्ष, ठीकच आहे. तेव्हा तिने हलक्या आवाजात खरे कारण सांगितले. मुलींच्या संघाला मदत करणारा एक मोठ्या वयाचा इसम रात्री उशिरा मुलीच्या भ्रमणध्वनीवर नको तसले संदेश पाठवीत होता आणि सरावासाठी एकटीने लवकर ये, असे सांगत होता. सांगून झाल्यावर मावशी म्हणाली, "फादर, ह्यां तुमच्याजवळच ऱ्हवांदे. चेडवाचां नाव जायत." आणि आम्ही, ज्यांना आयुष्यभर इतरांची गुपिते सांभाळण्याचीच सवय, पटकन म्हणालो, "होय, काळजी करू नका."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पापनिवेदनात ऐकलेले रहस्य आम्ही प्राण गेला तरी उघड करणार नाही. ते आमचे व्रत आहे. परंतु मावशी पापनिवेदनाला आली नव्हती. ती व्हरांड्यात आली होती, साहाय्य मागावयास. व्हरांड्यातील बोलण्यावर ती मोहोर नसते. आम्ही मात्र सवयीने तेथेही मोहोर लावून मोकळे झालो होतो. आमच्या मौनाने कोणाचे रक्षण होणार होते? मुलीचे तर नाहीच. ती घरी बसली, आणि तो इसम दुसऱ्या दिवशी मैदानावर शिट्टी वाजवीत उभा राहणार होता, दुसऱ्या मुलींसमोर.

सकाळी उठून आम्ही त्या घरी गेलो आणि प्रथम क्षमा मागितली की, काल दिलेले वचन देण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. वाईट हेतूने बालकाशी वारंवार संपर्क साधणे, मग ते भ्रमणध्वनीवरून का असेना, हाही त्यात अपराध आहे. असा अपराध घडला किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे कलम १९ सांगते. न कळविणाऱ्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि आपल्या हाताखालील माणसाचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडविला तर एक वर्षापर्यंत. धर्मगुरूला, अध्यक्षाला, गावच्या मानकऱ्याला त्यात सूट नाही. त्याच कायद्याने बालकाचे नाव आणि ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. म्हणजे ज्या भीतीने घरे गप्प बसतात, त्या भीतीचा विचार कायद्याने केलेला आहे. हे आम्ही आईवडिलांना समजावून सांगितले. वडील बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी सदरा घातला. आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो.

त्या प्रकरणाविषयी याहून अधिक लिहिणे कायद्याला मान्य नाही आणि आमच्या मनालाही नाही. येथेही तपशील आम्ही मुद्दाम पुसट ठेवले आहेत. मात्र त्यानंतर गावात जे झाले ते सांगितले पाहिजे. त्या इसमाला त्याच दिवशी मैदानापासून दूर केले, तेव्हा काहींनी वर्गणी बंद केली. काही म्हणाले, फादरनी मंडळाचे नाव घालविले. एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे, निवासावर येऊन म्हणाले, "फादर, घरातली गोष्ट घरात मिटवायला हवी होती." आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की, घरातली गोष्ट घरात मिटविण्याची किंमत आमच्या घराने किती मोजली आहे, ते आपणांस ठाऊक आहे.

वाचकांना त्याचा अर्थ सांगावयास नको. अनेक देशांत धर्मगुरूंनी बालकांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण यांनी ख्रिस्तसभेची मान खाली गेली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी वरिष्ठांना कळविणे याजकांवर आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. पण तोवर किती आयुष्ये कोमेजून गेली होती! खेळाच्या जगातही तीच कथा. इंग्लंडमध्ये २०१६ साली एक माजी फुटबॉलपटू आपल्या बालपणी प्रशिक्षकाने केलेल्या अत्याचाराविषयी उघडपणे बोलला आणि त्यामागून शेकडोंना वाचा फुटली. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या संघाच्या वैद्यास २०१८ साली शिक्षा झाली, त्यापूर्वी दीडशेहून अधिक मुली-स्त्रिया न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत देशासाठी पदके आणलेल्या कुस्तीगीर मुलींना दिल्लीत जंतरमंतरवर जमिनीवर बसावे लागले, तेव्हा त्यांच्या तक्रारींकडे लोकांचे लक्ष गेले. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था आणि मैदाने यांनाही लागू आहे. तरीही ही स्थिती. चर्च असो वा क्रीडामंडळ, जेथे मोठ्यांवर आंधळा विश्वास असतो, मुलाला पुढे जाण्यासाठी एकाच माणसाची मर्जी लागते आणि संस्थेचे नाव मुलाहून मोठे ठरते, तेथे लांडग्याला कुंपण ओलांडावे लागत नाही. दार आपणच उघडे ठेवलेले असते.

दार बंद करण्यासाठी आमच्या मंडळाने जे केले, ते फार अवघड नाही. इतर धर्मग्रामांना उपयोगी पडेल म्हणून येथे नमूद करतो. अठरा वर्षांखालील कोणाचेही वजन उतरवावयाचे नाही; स्पर्धेच्या महिनाभर आधी वजन घ्यावे आणि मूल ज्या गटात बसेल त्यात खेळवावे, बसत नसेल तर त्या खेपेस विश्रांती. प्रथमोपचाराची पेटी मैदानावर, बिनकुलुपाची. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. डोक्याला मार बसलेला गडी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मग अंतिम सामना का असेना. आखणीसाठी चुन्याची फक्की वापरणे बंद केले, कारण ती डोळ्यांत गेली तर डोळा भाजतो. गोलखांब जमिनीत पक्के रोवले. सरावाला दोन मोठी माणसे असल्याखेरीज सराव नाही. मुलींबरोबर त्यांपैकी एक स्त्री. एकट्या मुलाला गाडीवर घेऊन जावयाचे नाही. निरोप द्यावयाचा तो पालकांसह सर्वांना दिसेल असा. मुरगळलेला पाय चोळावयाचा तर आधी मुलाला विचारून, आणि सर्वांसमोर. जात, रंग, धंदा, घरची गरिबी यांवरून हाक मारणारा, मग तो आमचा सर्वोत्तम गडी असो, त्या सामन्यापुरता बाहेर. आणि मैदानाच्या फलकावर बालकांच्या साहाय्यासाठीचा १०९८ हा क्रमांक. त्याखाली गावातील दोन व्यक्तींची नावे, ज्यांच्याकडे मुलाने जावे. त्या दोघांत एक स्त्री आहे आणि दोघांतही धर्मगुरू नाही. हे सारे नियम धर्मगुरूलाही लागू आहेत, ही ओळ आम्ही स्वतःच्या हाताने लिहिली. प्रारंभी ती लिहिताना थोडी टोचली, हे कबूल करतो.

काहींना वाटते, एवढे जपले तर पोरे मऊ होतील. या शंकेचे उत्तर आमच्या मालवणच्या पाण्यातच आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीस आलेले अभियांत्रिकीचे आठ विद्यार्थी बुडाले. ज्या समुद्राने ते आठ जीव नेले, त्याच समुद्रात, तेथून जवळच चिवल्याच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. लहान मुले, साठी उलटलेली माणसे, दिव्यांग जलतरणपटू, सारे लाटांत उतरतात. समुद्र त्यांच्यासाठी मऊ झालेला नसतो. फरक एवढाच की त्यांच्या बाजूने होड्या चालतात, होड्यांतून जाणती माणसे डोळ्यांत तेल घालून पाहत असतात, आणि पाण्यात किती जण उतरले व किती बाहेर आले याचा हिशोब कोणीतरी ठेवीत असते. बाजूला होडी आहे म्हणून कोणी कमी पोहत नाही. उलट, ती आहे म्हणूनच आई आपल्या मुलाला पाण्यात उतरू देते.

ज्यांनी तुरीनच्या रस्त्यावरील पोरांना खेळाच्या मैदानावर गोळा केले, त्या संत डॉन बॉस्को यांनी आपल्या शिक्षणपद्धतीला प्रतिबंधक पद्धती असे नाव दिले होते. शिक्षा करण्याची वेळ येऊ नये म्हणून मोठ्यांनी मुलांमध्ये, खेळात, उपस्थित असावे, हे तिचे सूत्र. सेमिनरीत आम्ही ती परीक्षेसाठी पाठ केली होती. उपस्थित असणे म्हणजे पहिल्या रांगेतील खुर्चीवर बसणे नव्हे, हे शिकावयास आम्हांला मैदानाची पायरी आणि एका मासळीवालीचा प्रश्न लागला.

तो कबड्डीपटू आता बावीस वर्षांचा आहे. होडीवर जातो आणि सायंकाळी धाकट्या मुलांना चढाई शिकवितो. जुना प्रशिक्षक त्याच्या शेजारी बसून असतो. ती मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही. आम्ही दोनदा निरोप धाडला, मग थांबलो. येणे न येणे हा तिचा अधिकार आहे. तिच्या जागेचे उत्तर आमच्याजवळ नाही, आणि नियमांच्या फलकाने ती जागा भरून निघत नाही. गेल्या वर्षापासून तिची धाकटी बहीण मात्र येऊ लागली आहे. पहिल्या दिवशी तिला सोडावयास तीच मावशी आली होती. गडग्याशी उभी राहून तिने फलक सावकाश वाचला, कपडे बदलण्याच्या खोलीत जाऊन कडी लावून-काढून पाहिली, सरावाला कोण कोण असते ते विचारले. पूर्वी असे कोणी विचारले असते तर आमच्यावरील अविश्वास म्हणून आम्हांला राग आला असता. त्या सायंकाळी वाटले, प्रत्येक आईबापाने मूल हवाली करताना असेच विचारावे.

"किल्ली खय आसता पेटीची?" जाता जाता तिने विचारले.

आम्ही पेटी दाखविली. पेटीला कुलूप नव्हते.